काळोखाची डागडुजी

कॅमेऱ्याची स्तुति करणारे लोक बहुधा त्याच्या भिंगाची स्तुति करीत असतात. भिंग कोणत्या कारखान्याचें, त्याचें तोंड किती मोठें, त्यांतून पापणीचा केसन्‌केस कसा उमटतो, हें सांगतांना त्यांच्या मुद्रेवर जें तेज चढतें तें जांवयाच्या पगाराचा आंकडा सांगणाऱ्या सासूबाईंच्या मुद्रेवरही क्वचितच दिसेल. 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मात्र कमानीच्या छताची खोली एवढाच आहे. आणि खोलीची खिडकी किती सुंदर आहे यापेक्षां तिचीं दारें नीट लागतात कीं नाहीं, हा प्रश्न गृहस्थाश्रमी माणसास अधिक जवळचा वाटावा. भिंगाचें काम क्षणाचें असतें. खोलींत काळोख राखण्याचें काम रात्रंदिवस चाललेलें असतें, आणि तें करणाऱ्या वस्तूचें नांवही पुष्कळांस ठाऊक नसतें.

ती वस्तु म्हणजे कॅमेऱ्याच्या मागील दाराच्या कडेनें बसविलेली काळ्या फोमची बारीक पट्टी. कारागीर तिला लाइट सील म्हणतात. तिच्यावर किती भार असतो याचा एकदां हिशेब करून पाहावा. ४०० वेगाच्या फिल्मवर भर उन्हांतलें चित्र उमटविण्यास, भिंगाचें छिद्र १६ च्या आंकड्यावर आणून ठेविलें असतां, सेकंदाचा सुमारें ५०० वा भाग पुरतो. ५० मिलिमीटरच्या भिंगांत त्या वेळीं छिद्राचा व्यास जेमतेम ३ मिलिमीटर असतो. म्हणजे एवढ्याशा भोकांतून, डोळ्याचें पातें लवतें न लवतें इतक्या वेळांत, सारें चित्र पुरें होतें. आतां मागच्या दाराची फट त्या मानानें कितीही बारीक असो, तिच्या हाताशीं वेळ अमर्याद आहे. एका तासांत असे १८ लक्ष क्षण बसतात. चोराला घाई नसली म्हणजे कुलपाचें कांहीं खरें नसतें.

जुन्या जर्मन कॅमेऱ्यांचे कर्ते ही गोष्ट ओळखून दाराची कड खोल खोबणींत बसवीत, आणि जरूर तेथें काळें मखमल लावीत. ३५ मिलिमीटर फिल्मची जी डबी १९३४ पासून प्रचारांत आली तिच्या ओठांस आजही मखमलीचेंच अस्तर असतें, आणि फिल्म त्यांतून बाहेर येते पण उजेड आंत जात नाहीं. पुढें १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत जपानी कारखान्यांनीं लाखांनीं कॅमेरे काढले, तेव्हां खोल खोबणी कोरीत बसण्यापेक्षां उथळ खोबणींत फोमची पट्टी चिकटविणें सोपें आणि स्वस्त ठरलें. हा फोम पॉलियुरेथेनचा. त्या द्रव्याचा शोध १९३७ सालीं जर्मनींत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेंत लागला. नवा असतां तो मऊ, हलका आणि आज्ञाधारक असतो. परंतु हवेंतील ओलावा त्याच्या रेणूंच्या सांखळ्या हळुहळू तोडीत जातो, आणि वीस-तीस वर्षांनीं त्याचें डांबरासारखें चिकट काळें लोणकट होतें, किंवा नुसता भुगा उरतो. कपाटांत वर्षानुवर्षें जपून ठेवलेल्या बुटांचा तळ लग्नाच्या दिवशीं पहिल्याच पावलाला तुकडे होऊन पडतो, हा अनुभव ज्यांस असेल त्यांस अधिक सांगणें नको. कारण तेंच आहे. वापरल्यानें झिजणाऱ्या वस्तु आपणांस ठाऊक असतात. नुसत्या बसून राहून सडणाऱ्या वस्तूंचा हा प्रकार आमच्या आजोबांच्या पिढीस ठाऊक नव्हता. कोकणपट्टींत तर पावसाळ्याचे चार महिने भिंतींस घाम फुटतो. तेथें या फोमनें तग धरावा तरी कसा?

आमच्या घरांतील कॅमेरा हा पेंटॅक्स के-१०००. हा नमुना १९७६ पासून १९९७ पर्यंत कारखान्यांतून निघत होता, आणि जगांत अजून तो सहस्रावधि लोकांच्या हातीं आहे. त्यांत चोचले कांहींच नाहींत. घटांगुळाएवढी बॅटरी लागते ती केवळ प्रकाश मोजण्याच्या कांट्यासाठीं. ती संपली तरी बाकीचें यंत्र अंगच्या बळावर चालतें. आमचे धाकटे काका, ज्यांस घरांत सारे अण्णाकाका म्हणत, ते मस्कतची नोकरी संपवून १९८३ सालीं परत आले तेव्हां त्यांनीं तो आणिला. त्यानंतर आमच्या कुटुंबांत जीं लग्नें, ज्या मुंजी, जीं बारशीं झालीं तीं सारीं या एका खिडकींतून पाहिलेलीं आहेत. काका कडक परीक्षक होते. हललेला किंवा डागाळलेला फोटो ते आल्या दिवशींच टराटरा फाडीत, आणि त्यांत स्वतःच्या सासूबाईंचा फोटो असला तरी गय करीत नसत.

अशा माणसाच्या फोटोंवर सात-आठ वर्षांपूर्वीं एक पांढुरकी रेघ येऊं लागली. काका आयुष्यभर कृष्णधवल फिल्म वापरीत आणि ती धुण्यास बाजारपेठेंतल्या एका छायाचित्रकारांकडे देत. त्यांची स्वतःची अंधारी खोली होती, आणि उभयतांचा तीस वर्षांचा ऋणानुबंध होता. रेघ दिसतांच काकांचा निकाल ठरला. फिल्म धुतांना दार उघडें राहिलें असणार. छायाचित्रकारांनीं एकदांच, अगदीं हलक्या आवाजांत, "कॅमेऱ्याची मागची कड एकदां पाहून घ्यावी," असें सुचविलें. तें काकांस फार लागलें. तीस वर्षांत ज्यानें दगा दिला नाहीं त्या कॅमेऱ्यावर ठपका येतो म्हणजे काय! त्या दिवसापासून जाणें-येणें बंद झालें. देवळाच्या पायऱ्यांवर समोरासमोर आले तरी दोघेही घंटेकडे पाहात. काकांनीं आणखी एक रीळ कॅमेऱ्यांत भरलें, पण तें धुण्यास द्यावें कोणाकडे, या अडचणींत त्यांचा हात आंखडला. चार वर्षांपूर्वीं ते गेले. कॅमेरा त्यांनींच ठरविलेल्या जागीं, दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत, पश्चिमेच्या खिडकीसमोर राहिला.

यंदा आमच्या पुतणीनें तो मागितला. फिल्मवर फोटो काढण्याची हौस तरुण मंडळींत पुन्हां आली आहे. २०२४ सालीं पेंटॅक्स या नांवानें एक नवा फिल्मचा कॅमेराही निघाला. घरांत अर्थातच तीन पक्ष पडले. एकाच्या मतें कॅमेरा विकावा, कारण किंमत आली आहे. दुसऱ्याच्या मतें तो स्मृति म्हणून जसाच्या तसा कपाटांत ठेवावा. तिसरा पक्ष पुतणीचा. काकू सर्वांचें ऐकून घेऊन आम्हांस एवढेंच म्हणाल्या, "अरे, कोणीही घ्या. पण उघडण्याआधीं आंत काय आहे तें पाहा. त्यांचें रीळ पुरें झालेलें नव्हतें." पाहिलें तों मोजणीचा कांटा २१ वर उभा होता.

दार उघडून पट्ट्या पाहाव्या तर रीळ जातें. रीळ काढावें तर तें धुणार कोण हा प्रश्न. हें चाललें असतां पुतणीनें काकूंच्या बिस्किटांच्या डब्यांतून जुन्या निगेटिव्ह काढल्या आणि फोनच्या पांढऱ्या पडद्यावर ओळीनें मांडल्या. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कागदावरच्या फोटोंत चौकटीच्या आंतलेंच चित्र येतें. काका पाहात ते फोटो. निगेटिव्हवर मात्र चौकटीबाहेरची, दांत्यांच्या भोकांची कडही दिसते. भिंगाच्या किंवा पडद्याच्या वाटेनें चुकून आलेला उजेड चौकटींतच अडतो, कारण तेथें त्याला चौकटीची भिंत आहे. मागच्या दारानें आलेला उजेड ती भिंत मानीत नाहीं. तो थेट भोकांवरून पसरतो. आणि रीळच कोणीं उजेडांत उघडलें असेल तर तें वाटेल तसें डागाळेल, प्रत्येक चित्रांत साधारण त्याच जागीं येणार नाहीं. काकांच्या निगेटिव्हवर काळा पट्टा (कागदावर पांढरें तें निगेटिव्हवर काळें) भोकांच्या ओळी ओलांडून पार कडेपर्यंत गेला होता. आणि तो वर्षागणिक रुंदावत गेलेला होता. पहिल्या सालांत केसाएवढा, शेवटल्या सालांत बोटाएवढा.

काकूंनीं चष्मा पुसून त्या पट्ट्या दोनदां पाहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते खरें सांगत होते." ते म्हणजे कोण हें कोणीं विचारिलें नाहीं. थोड्या वेळानें त्या उठतां उठतां म्हणाल्या, "रीळ त्यांच्याकडेच द्या. मी बरोबर येतें."

रीळ काढण्याचें काम आम्हीं रात्रीं न्हाणीघरांत, दिवे मालवून केलें. फिल्म मधेंच तुटलेली असली तर गुंडाळल्यासारखी वाटते आणि आंत तशीच राहते. म्हणून ही खबरदारी. तळाचें बटण दाबून डावीकडची कळ फिरविली. प्रथम ताण लागला, आणि शेवटीं एकदम हलकी झाली, तेव्हां सारी फिल्म डबींत परतली हें समजलें. कळ वर ओढली तरी दार उघडेना. फोमनें त्याला डांबरानें सांधावें तसें धरून ठेविलें होतें. जोर केला नाहीं. नखानें कड हळू हळू सोडवीत गेलों तेव्हां चिकट आवाज करीत तें सुटलें.

दुसऱ्या दिवशीं काकू आणि आम्ही बाजारपेठेंत गेलों. छायाचित्रकार आतां फार थकले आहेत, अंधारी खोली मुलानें कोठाराच्या उपयोगास घेतली आहे. पण फिल्म धुण्याचें भांडें त्यांनीं टाकलेलें नव्हतें. काकूंनीं डबी त्यांच्यापुढें ठेवून कड खराब निघाल्याचें सरळ सांगितलें. त्यांनीं डबी उलटसुलट करून पाहिली आणि विचारिलें तें इतकेंच कीं, फिल्म किती वेगाची आहे. "आठ दिवसांनीं या," असें म्हणून त्यांनीं ती शर्टाच्या खिशांत घातली.

त्या आठ दिवसांत डागडुजी झाली. हें काम घरीं करण्याजोगें आहे, असें आमचें मत आहे; मात्र तें यंत्राचें काम म्हणून न करितां सोवळ्यांतल्या स्वयंपाकासारखें करावें, म्हणजे कशाला हात लावावयाचा नाहीं हें आधीं ठरवावें. के-१००० चा पडदा कापडाचा असतो. त्यावर बोट टेंकलें कीं संपलें. म्हणून बेताचा कागद कापून पडद्यापुढील चौकटीवर घातला आणि त्याच्या कडा धातूवर कागदी पट्टीनें धरून ठेविल्या. कॅमेरा सदैव असा कलता धरिला कीं भुगा खालीं पडावा, आंत पडूं नये. जुनें डांबर काढण्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. पुतणीनें नखांचा रंग काढण्याची बाटली पुढें केली होती, ती आम्हीं दूर ठेवविली; तींतील ॲसिटोन डांबराबरोबर कॅमेऱ्याचा काळा रंग आणि प्लॅस्टिकही खातो.

खोबणी दीड-दोन मिलिमीटर रुंदीची. तिच्यांत शिरावें असें हत्यार बाजारांत शोधीत होतों, तें देवघरांत सांपडलें. जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या! काकूंनीं वाती वळण्याच्या कापसाचा तंतु त्या काड्यांच्या टोंकांस इतक्या सफाईनें गुंडाळिला कीं, साठ वर्षें फुलवाती वळल्याचें सार्थक झालेलें पाहावें. अल्कोहोलांत भिजविलेली काडी खोबणींत फिरवावी, पांच मिनिटें थांबावें, सुटलेलें लोणकट कोरड्या काडीनें उचलावें, काडी टाकून द्यावी. असें दोन संध्याकाळीं चाललें. सत्तर-ऐंशी काड्या लागल्या. शेवटीं खोबणीचा मूळचा काळा रंग दिसला, आणि तोंपर्यंत घरांतील प्रत्येक टॉवेलावर एकेक काळें बोट उमटलें होतें.

नवी पट्टी कशाची घालावी यावर पुन्हां चर्चा झाली. तयार फोम मिळतो, परंतु पुन्हां वीस वर्षांनीं तेंच डांबर व्हावें हें आमच्या मनास येईना. लांब खोबणींत काळी लोकर दाबून बसविण्याची चाल पुष्कळ कारागीर पाळतात. काकूंनीं ताबडतोब शंका काढिली कीं लोकरीस कसर लागते. शंका शास्त्रशुद्ध होती. पण विणकामाच्या पिशवींतून जो गुंडा निघाला त्याची चिठ्ठी वाचली तर ती लोकर मेंढीची नसून ॲक्रिलिकची; तिला कसर तोंड लावीत नाहीं. खोबणींत गोंदाचा अगदीं पातळ हात देऊन तो धागा बोथट काडीनें दाबीत नेला. जाडीचा अंदाज येथें महत्त्वाचा. धागा जाड झाला तर दार ताणून बसतें आणि कडी झिजते; बारीक झाला तर सारा खटाटोप व्यर्थ. दार बंद होतांना किंचित् विरोध व्हावा आणि मग 'टक्' असा एकच आवाज यावा.

बिजागरीची कड रुंद असते, आणि उजेड मुख्यतः तेथूनच शिरतो. तेथें पाठीस गोंद असलेली पातळ फेल्टची पट्टी मोजून कापली. ती एकदां टेंकली कीं हलत नाहीं आणि तिरपी बसली तर पुन्हां सर्व खरवडावें लागतें. म्हणून जाणते लोक गोंदाची बाजू आधीं जिभेनें ओली करितात. ओल सुके तोंवर पट्टी इकडे तिकडे सरकवितां येते. पुतणीनें ही युक्ति सांगितली मात्र, आणि काकूंचे डोळे मोठे झाले. "उष्टी पट्टी? त्यांच्या कॅमेऱ्याला?" पाण्याच्या थेंबानें तेंच साधतें, हें सांगून आम्हीं तो प्रसंग निभावून नेला.

राहिला आरसा. या जातीच्या कॅमेऱ्यांत फोटो घेतांना आरसा वर उडतो आणि लगेच परत येतो. ही परत येण्याची सोय आसाही कारखान्यानें १९५४ सालीं आपल्या आसाहीफ्लेक्समध्यें केली होती. वर उडालेल्या आरशास टेंकावयाला फोमचीच एक उशी असते, आणि तीही सडते. तिचे तुकडे वरच्या कांचेवर पडले तर डाग कायमचे. शिवाय आरशाचा मुलामा घरच्या आरशासारखा पाठीस नसून पुढच्या बाजूस असतो. तो पुसला कीं ओरखडा आलाच. ज्याचा हात स्थिर नाहीं त्यानें हा एवढा भाग कारागिराकडे सोंपवावा. आमच्या घरीं तो पुतणीनें केला. भिंग काढून, तोंड खालीं करून, आरशावर मऊ कागद घालून. तेथें मात्र लोकर चालत नाहीं. नवीन फोमची दोन मिलिमीटरची पट्टी घातली आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवींत ठेविली.

आठव्या दिवशीं रीळ धुऊन आलें. एकवीस चित्रांपैकीं पहिल्या सतरांवर कोठें कोठें फिकट रेघ होती, पण माणसें सारीं स्पष्ट. अठरा आणि एकोणीस यांवर पट्टा चांगलाच चढला होता, आणि शेवटचीं दोन निम्मीं काळवंडलेलीं. याचेंही कारण सरळ आहे. काढलेलीं चित्रें बिजागरीजवळच्या चक्रीवर एकावर एक गुंडाळत जातात. आधींचीं आंत राहतात, त्यांस वरच्या वेढ्यांचें पांघरूण मिळतें. शेवटलें सर्वांत बाहेर आणि फटीच्या अगदीं तोंडाशीं. चार वर्षांचें पश्चिमेचें ऊन त्यानें एकट्यानें सोसलें. एकविसावें चित्र काकूंचें होतें. पडवींत बसून त्या फणसाच्या आठळ्या सोलीत आहेत, आणि पट्टा खांद्यापासून कपाळापर्यंत गेला आहे. पुतणी म्हणाली, हा डाग संगणकावर पुसतां येईल. आम्ही म्हणालों, डागासकट छापावा. काकूंनीं तो क्षणभर उजेडासमोर धरिला आणि परत दिला. "त्यांनीं हा ठेवलाच नसता," असें म्हणून त्या सतरा चित्रांकडे वळल्या. आमचें मत अजूनही निराळें आहे. पण फोटो त्यांचा आहे, आणि काढणारेही त्यांचे होते. निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत आहे, फोटो छापलेला नाहीं.

नव्या पट्ट्यांची परीक्षा घेण्यासाठीं पुतणीनें ताजें रीळ भरलें. भिंगावर झांकण घालून कॅमेरा तुळशीवृंदावनापाशीं भर बाराच्या उन्हांत ठेविला. दहा दहा मिनिटांनीं कूस बदलली आणि प्रत्येक कुशीस एक चित्र पुढें सरकविलें. उरलेल्या फिल्मवर तिनें घरांतलीं माणसें टिपलीं. हें रीळही बाजारपेठेंतच गेलें. तें परत घेण्यास आम्ही गेलों तेव्हां छायाचित्रकारांनीं ओली सुकलेली पट्टी खिडकीसमोर धरिली, आणि चित्रांकडे न पाहातां प्रथम भोकांची कड या टोंकापासून त्या टोंकापर्यंत न्याहाळली. ती कांचेसारखी स्वच्छ होती. "कड आतां बरी आहे," ते म्हणाले. मग पट्टी कापून त्यांनीं पाकिटांत घातली, पाकिटावर जुन्या संवयीनें अण्णाकाकांचें नांव लिहिलें, आणि दोन्ही रिळांचे पैसे पुरे मोजून घेतले.